साडीचं कुंपण

१८ ऑक्टोबर २०२४

आज पुन्हा तोच तमाशा. कालव्याकडच्या बाजूनं मोकाट गुरं तबेल्यात घुसली. तिकडचं बांबूचं कुंपण त्यांनी कधीच आडवं केलंय. एका सांडानं पैठणी घोडीच्या गव्हाणीतला कडबा फस्त केला आणि जाताना गव्हाणीतच शेण टाकून गेला. खा बाबा, भुकेला असशील. पण जेवल्या ताटात? माणसांकडूनच शिकला असणार.

गव्हाण मी स्वतः घासली. हातांचा वास अजून जात नाही. कालव्याच्या पाण्यानं धुवावं तर ते आज जांभळं वाहतंय. वर सुरतेच्या कुठल्यातरी कापड रंगवणाऱ्या प्रोसेस हाऊसनं रंग सोडला असेल.

उद्या गोपालला बोलावतो. बमरोलीचा वेल्डर, आपल्याच शिरपूरकडचा. चारी बाजूंनी काटेरी तार. विषय संपला.

२२ ऑक्टोबर

तार लागली. पाच ओळी, काटे असे की चिमणीनंही विचार करून बसावं. गोपाल म्हणाला, "हिलालभाऊ, पाईपचं केलं असतं तर शोभलं असतं." म्हटलं, शोभेला मी आहे ना.

संध्याकाळी महेशभाई आला. त्याचे दोन मारवाडी घोडे माझ्याकडे महिन्याच्या ठरावावर राहतात. रविवारी तो त्यांच्यावर बसून फोटो काढतो, बाकीचे सहा दिवस ते माझ्या जिवावर खातात. गाडीतून उतरायच्या आधीच सुरू: "शुं हिलालभाई, घोडा राखो छो के जेल चलावो छो? काटेरी तार? माझ्या क्लबमध्ये असं लावलं तर पब्लिक मारेल." घोडा बिथरला की तारेत जातो, चामडी सोलून निघते, असं त्यानं दहा वेळा सांगितलं. मी हसत होतो. हसणं हा माझ्या धंद्याचा अर्धा भाग आहे. पण तो गेल्यावर थुंकलो. ह्याच माणसानं मागच्या महिन्यात स्वतःच्या घोड्याला नाल मारायचं टाळलं होतं, रविवारला अजून वेळ आहे म्हणून.

तरी बोलला ते खोटं नव्हतं.

२४ ऑक्टोबर

पत्र्यापलीकडे माझी बायको शोभा आणि पार्वतीबाई बसल्या होत्या. मी इकडे चहा घेत होतो. ऐकायचं म्हणून ऐकलं नाही, पण लूमवर असताना शंभर मागांच्या खडखडाटात कुठला धागा तुटला ते मला पाठमोरं कळायचं; दोन बायकांचं बोलणं कानावर पडणारच.

पार्वतीबाई जालन्याकडची. नवरा वराती करायचा. तो गेल्यावर घोडीचा लगाम हिनंच धरला. डिंडोलीत राहते. घोडी पांढरीफेक, नाव पैठणी. का, तर म्हणे नेसायला मिळाली नाही, म्हणून पाळली.

शोभा विचारत होती, की वरातीत एवढे पडदे, कमानी, झालरी, तुझी घोडी बुजत कशी नाही? माझी तर साधी गाय धोतराला भिते.

"शिकवलं ना वहिनी. ल्हान होती तवा दोन खांबांना माझी साडी बांधायची. मी साडीच्या मागं. हातात गूळ. म्हणायचं, पैठणे, ये गं! आधी लई भ्यायची, फुरफुरायची. मग गुळाच्या वासानं नाक घालायची. मग डोकं. मग आरपार. आता कापड दिसलं अन् माझा आवाज आला, की ती थांबतच न्हाई. मांडवाचा पडदा उघडायच्या आधीच आत!"

दोघी खूप हसल्या. एकदा म्हणे नवरदेवाचा फेटा कमानीलाच राहिला आणि घोडी नवरदेवासकट मांडवात. मीही इकडे चहा सांडला.

२७ ऑक्टोबर, रविवार

मला अक्कल सुचली ती अशी. आमच्याकडे रानडुकरांसाठी शेताभोवती जुन्या साड्या बांधतात. वाऱ्यावर साडी हलली की डुकराला वाटतं माणूस उभा आहे. घोडाही हलत्या कापडाला बुजतो. मग तारेवरच साड्या सोडल्या तर? काटा झाकला जाईल, घोडा जवळच येणार नाही, आणि तबेला लग्नघरासारखा दिसेल. सुरतेत राहून साडीला काय तोटा! ओळखीच्या गाळ्यातून डागी मालाचा एक गठ्ठा आणला. छपाई सरकलेली, पण लांबून बघायला झकास.

रस्त्याकडची आणि महेशभाईच्या घोड्यांकडची बाजू झाली. त्याचे घोडे साड्या बघून असे मागे सरले की मला हसू आवरेना. महेशभाईनं व्हिडिओ काढला. "वाह हिलालभाई, शुं दिमाग छे!" मग साडीसमोर उभं राहून घोड्याबरोबर फोटो.

पार्वतीबाई दोन दिवस गावी गेलीय. कालव्याकडची बाजू राहिली; दुसरा गठ्ठा आला की करतो.

३ नोव्हेंबर, भाऊबीज

पार्वतीबाईनं ओवाळलं. तिला इथं भाऊ नाही, मला बहीण नाही. तीन वर्षांपासून हे चाललंय. ताटात मी साडी ठेवली. दुसरा गठ्ठा कालच आला होता, त्यातलीच एक बरी निवडली: हिरवी, पिवळ्या बुट्ट्यांची. बुट्टे किंचित तिरके आहेत, तिला कळायचं नाही. तिनं ती तिथंच खांद्यावर टाकून पाहिली. शोभानं माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेला मी उत्तर देत नसतो.

तुळशीचं लग्न झालं की हंगाम. पार्वतीबाईनं लगामाला नवे गोंडे लावलेत. म्हणाली, "हे साल बरं गेलं तर पोरीचं हात पिवळे करीन म्हणते, भाऊ." मुलगी सुवर्णा, नर्सिंगला आहे. मी म्हटलं, वरातीला पैठणीच.

६ नोव्हेंबर

कालव्याकडची बाजू मी स्वतःच्या हातानं बांधली. हिरव्या पिवळ्या बुट्ट्यांच्याच सगळ्या. खालपर्यंत सोडल्या, तारेचा एक काटा दिसत नाही. गोपालनं आपण होऊन तारीफ केली. बाहेरून येणारेही थांबून बघतात.

७ नोव्हेंबर

थोडक्यात लिहितो.

दुपारी चार-साडेचार. पार्वतीबाई रोजच्यासारखी कालव्याच्या पायवाटेनं आली. मी कार्यालयात होतो. तिचा आवाज ऐकला, कुंपणापलीकडून: "पैठणे, ये गं!" रोजचाच. रोज घोडी आतून तारेपर्यंत येते आणि तिच्या बरोबरीनं फाटकापर्यंत चालत जाते. आज टापा ऐकल्या. त्या वळल्या नाहीत. मग तार ताणल्याचा आवाज. लूमवर ताणलेल्या धाग्यांचा बीम सुटला की व्हायचा तसा. मग जे ऐकलं ते लिहीत नाही.

पुढचा उजवा पाय आणि छाती. साडी अंगाभोवती गुंडाळलेली, रक्तात तिचा हिरवा रंग कळत नव्हता. तार कापायला गोपाल येईपर्यंत पार्वतीबाई तिच्या तोंडाशी बसून होती. हातात गूळ तसाच.

असं एकाएकी काय झालं घोडीला? साप असेल. नाहीतर पोरांनी उरलेला फटाका फोडला असेल.

८ नोव्हेंबर

डॉक्टरनं टाके घातले, धनुर्वाताचं दिलं. गुडघ्याखालची नस थोडक्यात वाचली म्हणे. चालेल, पण हा हंगाम विसरा. जखम रोज धुवायची, माशा बसू द्यायच्या नाहीत. माशा कशा नाही बसणार? कालव्याचा वास, उकिरडा, आणि मधे ते उघडं लाल मांस. मी दोनदा बाहेर जाऊन ओकलो. पार्वतीबाई कडुलिंबाच्या पाल्यानं वारा घालत होती.

डॉक्टर हात धुताना म्हणाला, "तार कोणी लावली?" मी म्हटलं, गुरांसाठी होती. तो म्हणाला, "गुरांना लागलेली दिसत नाही."

आगाऊ माणूस. डॉक्टर असशील, म्हणून टोमणे मारायचे?

१० नोव्हेंबर, रविवार

घोडेमालकांची बैठक. महेशभाईनं नाश्त्याला सुरती लोचो मागवला. म्हणजे घोडीची जबाबदारी कोणाची हे ठरवायला जमलेली माणसं वर शेव भुरभुरवून, लिंबू पिळून, बोटं चाटत ठरवत होती. आणि दहा पावलांवर ती तीन पायांवर उभी.

महेशभाई: "मी तर पहिल्याच दिवशी बोललो होतो, तार डेंजर आहे." साडीच्या व्हिडिओचं नाव नाही.

गोपाल: "मी मजूर माणूस. भाऊंनी सांगितलं, मी लावली."

दुसरे एक शेठ: "आपल्या घोड्यांना काही झालं का? नाही. म्हणजे कुंपण बरोबर आहे. लग्नाची घोडी, तिला अक्कल कुठली."

हे सगळ्यांना पटलं. पटणारच. ज्यात कोणाचंच काही जात नाही ते लवकर पटतं. मग महेशभाईनं दारावरच्या माझ्या पाटीकडे बोट केलं: 'येथील जनावरे मालकाच्या जबाबदारीवर.' गुजरातीत, लाल अक्षरात, मीच रंगवून घेतलेली. "बस. लिहिलेलं आहे ने? हिलालभाई, तमे छूटा."

मी छूटा. त्यांनी मला सोडवलं आणि मी हात जोडले. त्यांच्या चटणीच्या बोटांची शिसारी आली, पण जोडले. आता लिहिताना वाटतं, पार्वतीबाईला गुजराती वाचता येत नाही. मराठीही नाही. पण नियम तो नियम.

१२ नोव्हेंबर

पार्वतीबाईला सांगितलं. नीट, प्रेमानं सांगितलं. की बाई, घोडी मोकळी सोडायची नव्हती. की बाहेरून हाक मारायची नव्हती. की पाटी आहे. औषधाचं मी बघतो, माणुसकी म्हणून. पण दोष कोणाचा हे एकदा स्पष्ट असावं.

मला वाटलं होतं भांडेल. मी उत्तरंही तयार ठेवली होती.

"व्हय भाऊ," ती म्हणाली, "माझंच चुकलं. मीच हाक मारली."

झालं. एवढ्यात मिटलं. तरी दिवसभर तोंड कडू आहे. पित्त असेल.

रात्री जेवताना शोभा म्हणाली, "तिना सामने तुमले आसं बोलवनं कसं?" मी म्हटलं, तुला धंद्यातलं काय कळतं? तिनं भाकरीचा तुकडा मोडला आणि म्हणाली, "तुमले समदं ऐकू येस. समजत काहीच नही."

१६ नोव्हेंबर

आज किळस आली ती कोणाची ते मला नीट सांगता येत नाही.

पार्वतीबाई सकाळी आली. हातात कागदात गुंडाळलेलं काहीतरी. मला वाटलं प्रसाद. उघडलं तर कुंपणाची साडी. पैठणीच्या अंगावरून काढलेली तीच. धुतलेली, इस्त्री केलेली. फाटली होती तिथं बारीक रफू. बोट फिरवलं तरी कळत नाही. डाग कसा काढला कोण जाणे.

"तुमची साडी खराब झाली, भाऊ. तुमचं नुसकान नको."

मी "असू द्या, असू द्या" म्हणालो. तिनं नेसलेली साडी मी भाऊबिजेला दिलेली. दोन्ही शेजारी-शेजारी, एकच हिरवा, एकच तिरका बुट्टा. तिनं ते पाहिलं असणारच.

ती साडी मी कपाटात सगळ्यात खाली ठेवलीय. कुंपणाला पुन्हा बांधायची हिंमत होत नाही, टाकायचीही होत नाही. बाकीच्या तशाच आहेत कुंपणाला. काढल्या तर लोक म्हणतील, चूक कबूल केली.

१५ डिसेंबर

कमुरता लागला. महिनाभर लग्नं बंद. निदान आता दुसऱ्यांच्या वराती समोरून जाणार नाहीत. गेला महिना रोज संध्याकाळी कुठून ना कुठून बँड वाजायचा आणि आजारी घोडी कान टवकारून जागच्या जागी पावलं टाकायची. ते बघवायचं नाही. पार्वतीबाई बँड लांब जाईपर्यंत तिची मान धरून उभी राहायची.

पार्वतीबाई आता घरी धागाकटिंग करते, साड्यांचे सुटे धागे कापायचं काम. सकाळी जखम धुवायला येते, बोटांना कापडाचे तंतू चिकटलेले असतात. सुवर्णाचं कॉलेज सध्या बंद आहे, असं ती म्हणाली. मी विचारलं, सुट्टी? म्हणाली, "व्हय, सुट्टीच म्हना."

१६ जानेवारी २०२५

डॉक्टरनं आज पायावर हात फिरवला, चालवून पाहिली, दुडकी काढायला लावली. पास! वण राहील, पण झूल टाकली की कोणाला दिसणार? फेब्रुवारीतल्या वराती करायला हरकत नाही.

मी पेढे आणले. खरंच आणले. महेशभाईला फोन करून सांगितलं. तो म्हणाला, "जोयुं? बघितलं ना? नाहक टेन्शन." सगळ्यांना हलकं वाटलं. मलाही. जिचा पाय होता तिला पाय मिळाला, देवाची कृपा, माझी जबाबदारी, होती नव्हती ती, संपली.

पार्वतीबाईनं पेढा घोडीला भरवायला हात पुढे केला. घोडीनं मान वळवली. पेढा आवडत नसेल.

२५ जानेवारी

८ फेब्रुवारीला डिंडोलीत पहिली वरात आहे. त्याआधी सराव करून घेते, म्हणाली पार्वतीबाई. दोन खांबांना साडी बांधली, स्वतःची, अंगावरची नव्हे, घरून आणलेली जुनी निळी. पलीकडे जाऊन उभी राहिली. मी आणि शोभा कट्ट्यावर चहा घेऊन बसलो. म्हटलं बघू तरी ही गंमत, नुसती ऐकलीच होती.

"पैठणे, ये गं!"

घोडीचे कान एकदम उभे राहिले. दोन पावलं आली. मला अजून हसू येत होतं. मग साडी वाऱ्यानं हलली, आणि घोडी जागच्या जागी खिळली. पायापासून थरथर सुरू झाली ती पोटापर्यंत. मानेवर घाम, जानेवारीत. तिथंच मुतली.

"ये गं बाई. मी हाय ना. ये."

जितकी ती हाक मारी तितकी घोडी मागे. शेवटी गळ्यातला लांब दोर ताणून पार भिंतीला पाठ लावली. पार्वतीबाई साडीमागून बाहेर आली, गूळ तळहातावर, हळूहळू जवळ गेली. घोडीनं गुळाचा वास घेतला, मग तिच्या हाताचा, आणि तोंड भिंतीकडे केलं.

मी उठून गेलो. काहीतरी बोलायचं म्हणून म्हणालो, "घाबरलीय अजून. होईल सवय."

"भिली न्हाई, भाऊ," ती म्हणाली. अडीच महिन्यांत पहिल्यांदा आवाज फुटला तिचा. "तिला वाटतंय मी फसवलं. साडी लावली, मागून बोलावलं, आन् आत काटे. तिला काय म्हाईत कुंपण कुनाचं? हाक तर माझी व्हती."

कप माझ्या हातात होता. चोवीस ऑक्टोबरचा तोच कप असेल कदाचित. पत्र्याच्या ह्या बाजूला बसून, शब्दन् शब्द ऐकून, हसून, चहा सांडून, मग मीच उठलो आणि तिच्या घोडीसाठी खांबाला साड्या बांधल्या. काटे लावून.

डुक्कर साडीला माणूस समजून लांब राहतं. हीसुद्धा माणूसच समजली. म्हणून आली.

२६ जानेवारी

सकाळपासून साड्या काढल्या. मग तार. गोपालला बोलावलं नाही. हातमोजे होते, घातले नाहीत. काही फार मोठं केलं असं नाही, घालायची लाज वाटली एवढंच. शोभा येऊन पाहून गेली, हातांना हळद आणून ठेवली.

महेशभाई झेंडावंदन आटोपून आला, खिशाला तिरंगा. बाकीचेही होते. सगळ्यांदेखत पार्वतीबाईला म्हणालो, की बाई, चूक तुमची नव्हती. तार माझी, साडी माझी. तुम्ही तिला कसं शिकवलंत ते मी ऐकलं होतं, तरी बांधली. बारा नोव्हेंबरला तुमच्या तोंडून माझी चूक तुमची म्हणून वदवून घेतली.

महेशभाईनं मला बाजूला घेतलं. "अरे हिलालभाई, पाटी छे ने! स्वतःहून कोण बोलतं असं? उद्या माझ्या घोड्याला कंई थाय तो?" मी म्हटलं, तर तेही माझंच. आणि पाटी उतरवायला शिडी आणली. तो म्हणाला, असा माणूस घोडे सांभाळू शकत नाही. महिनाअखेर दोन्ही नेतो. दुसरे शेठही विचार करतो म्हणाले. करा.

सगळ्यात घाण ह्याची वाटली की पार्वतीबाई मान खाली घालून उभी होती. जणू चोरी तिची पकडली गेलीय.

मग फक्त एवढंच म्हणाली, "हे पैठणीला सांगा, भाऊ. मला म्हाईतच व्हतं."

९ फेब्रुवारी

माझी तांबडी घोडी पार्वतीबाईकडे दिली. सारंगखेड्याच्या बाजारातून आणलेली, अडेलतट्टू, पण कापडाला फार बुजत नाही. बारा नोव्हेंबरला जी उत्तरं तयार ठेवली होती त्यांतलं एकही वापरलं नाही. म्हटलं, ही आता तुमची. तिनं दोन दिवस घेतली नाही, तिसऱ्या दिवशी गोंडे बदलले. काल डिंडोलीतून वरात निघाली. कमानीपाशी पार्वतीबाई पडद्यामागे गेली नाही. लगाम धरून पुढे चालली, घोडीला दिसेल अशी.

सुवर्णा पुन्हा कॉलेजला जाते. तेही मी पत्र्यापलीकडूनच ऐकलं.

कुंपणाला पाईप घेतले. महेशभाईची जागा रिकामी आहे, तिथं पैठणी उभी असते. मी रोज सकाळी तिच्यासमोर बादली पालथी घालून बसतो. रफू केलेली साडी घडी करून मांडीवर, त्यावर गूळ. हाक मारत नाही. मारायचा मला अधिकार नाही आणि तिला आवाजच नको आहेत.

पहिले काही दिवस पाठच होती. नंतर अर्धी वळली. गुळाला मुंग्या लागतात, मी झटकतो, दुसरा ठेवतो. शोभा म्हणते, घरातला गूळ संपवाल.

आज तिनं एक कान माझ्याकडे केला. बराच वेळ तसाच धरून ठेवला. गूळ घेतला नाही.

बरोबर आहे तिचं.